मा निश्ताना पाठ नको, वाचता यायला हवं : रविवारच्या हिब्रू क्लाससाठी पेसाहची तयारी

पेसाह म्हणजे मिसरमधून सुटकेची आठवण ठेवणारा आपला ज्यू सण, आणि सेदेर म्हणजे त्या रात्रीचं विधीसकट जेवण. सेदेरला घरातलं सगळ्यात लहान पोर मा निश्ताना, म्हणजे 'ही रात्र वेगळी का' हे चार प्रश्न, म्हणतं, आजीचे डोळे भरून येतात, सगळे शाबासकी देतात आणि आपण धरून चालतो की याला हिब्रू वाचता येतं. एकदा हगादा (सेदेरला वाचायचं पुस्तक) उघडून तिसऱ्या प्रश्नातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय लिहिलंय? पोर वर बघतं, ओठ हलवत पहिल्या ओळीपासून म्हणत येतं आणि मग त्या शब्दाशी थांबतं, किंवा पुढेच निघून जातं. म्हणजे पाठांतर झालंय, वाचन झालेलं नाही. पाठांतर वाईट नाही, पण पुढच्या वर्षी किद्दूशची बेराखा (पेल्यावर म्हणायची प्रार्थना) समोर आली की परत शून्यापासून सुरुवात, आणि बार मित्स्वाला (तेराव्या वर्षीच्या सोहळ्याला) तर तोरातल्या, म्हणजे धर्मग्रंथातल्या, मजकुराला स्वरांच्या खुणाही नसतात, तिथे पाठांतर किती पुरणार.

हा लेख मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग, पनवेल इकडे आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पोरांना मशिदीत (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) शिकवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या गावात आता क्लासच होत नाही तिथल्या आईबाबांसाठीपण. आपल्या मशिदीतला क्लास म्हणजे एका खोलीत पाच वर्षांची चिमुरडी आणि बारा वर्षांचा दांडगा शेजारी शेजारी, हे गृहीत धरूनच लिहितेय.

आधी देवनागरी कागद बाजूला ठेवा

सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे हिब्रू शब्द देवनागरीत लिहिलेले ते झेरॉक्स. मोठ्यांसाठी ते ठीक आहेत, ज्यांना आता अक्षरं शिकायची नाहीत त्यांनी प्रार्थनेत मागे पडू नये म्हणून. पण पोरासमोर एकाच पानावर हिब्रू आणि देवनागरी दोन्ही असेल तर डोळा देवनागरीवरच जाणार, तुमचाही जाईल. म्हणून क्लासच्या प्रिंटआउटवर फक्त हिब्रू, मोठ्या टायपात, खुणांसकट, आणि मराठी अर्थ हवा तर मागच्या बाजूला. अर्थ मराठीत द्याच, मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासकट हगादा छापली गेली होती, त्यामुळे मराठीत समजून घेण्यात कमीपणा काही नाही. उच्चार मात्र अक्षरातूनच यायला हवा.

कॅलेंडर बघून सुरुवात करा

पेसाह निसान महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास. २०२६ मध्ये पहिला सेदेर १ एप्रिलच्या संध्याकाळी येतो, २०२७ मध्ये २१ एप्रिलच्या संध्याकाळी, कारण मध्ये हिब्रू वर्षात एक जास्तीचा महिना येतो, आपल्याकडच्या अधिक मासासारखा. काहीही झालं तरी मार्चमध्ये शाळांच्या परीक्षा असतात आणि पोरं क्लासला दांड्या मारणार, आईबाबाच पाठवत नाहीत. म्हणून अक्षरं दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर चारही प्रश्न एकदा तरी वाचून झालेले असू द्या, मार्च फक्त उजळणीला आणि सणाच्या गमतीजमतींना. क्लास रविवारीच बरा, शनिवारी शाब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, लिहायचं नसतं, मग पोरांच्या हातात पेन्सिल तरी कशी देणार.

पहिल्या ओळीतली दहा अक्षरं

आलेफपासून तावपर्यंत २२ अक्षरं ओळीने शिकवायची पद्धत सगळीकडे आहे, गाणंपण आहे, गाणं शिकवा. पण वाचनासाठी मी ती ओळ वापरत नाही. मा निश्तानाची पहिली ओळ घ्या : मा निश्ताना हालायला हझे मिकोल हालेलोत. यात मेम, हे, नून, शीन, ताव, लामेद, योद, झायिन, काफ आणि वाव अशी दहाच अक्षरं आहेत, आणि स्वरांच्या खुणांपैकी जवळजवळ सगळ्या, म्हणजे कामात्स, पताह, हिरिक, श्वा, सेगोल, त्सेरे आणि होलाम. इतकं शिकलेलं पोर खरी हगादाची ओळ वाचतं, बनावट पुस्तकी शब्द नाही, आणि घरी जाऊन दाखवू शकतं.

आता आपल्या पोरांना एक फायदा आहे जो अमेरिकेतल्या पोरांना नाही, तो म्हणजे बाराखडी. अक्षर वेगळं आणि स्वराची खूण वेगळी, ती वर, खाली किंवा बाजूला लागते, हे यांना पहिलीतच कळलेलं असतं. म्हणून मेम शिकवला की लगेच त्याची बाराखडी करून घ्या : मा, मे, मी, मो, मू. आवाज पाचच आहेत, खुणा जास्त आहेत एवढंच. कामात्स (अक्षराखाली छोटीशी आडवी दांडी आणि तिला खाली शेपूट) आणि पताह (नुसती आडवी दांडी) दोन्ही 'आ', त्सेरेचे शेजारी शेजारी दोन ठिपके आणि सेगोलचे त्रिकोणातले तीन ठिपके दोन्ही 'ए', हिरिकचा खालचा एक ठिपका 'ई', होलामचा वरचा ठिपका 'ओ'. पोटात ठिपका असलेला वाव म्हणजे 'ऊ', आणि तिरके तीन ठिपकेही 'ऊ', हे दोन पुढच्या प्रश्नांत येतात.

जिथे बाराखडी दगा देते ती जागा पण आधीच सांगून ठेवा. मराठीत नुसतं अक्षर म्हणजे त्यात 'अ' धरलेलाच असतो. हिब्रूत नाही, तिथे 'आ'लासुद्धा खूण लागते, आणि ज्याच्याखाली काहीच नाही किंवा एकाखाली एक दोन ठिपक्यांचा श्वा आहे ते अक्षर साधारण पाय मोडलेलं. 'निश्ताना'तल्या शीनखाली श्वा आहे म्हणून 'श्'. शब्दाच्या सुरुवातीला श्वा आला तर हलका 'ए' येतो, पण ते पोरांना नियम म्हणून सांगत बसू नका, वाचता वाचता कानाला लागतं. आणि 'मिकोल'मधला कामात्स 'ओ' वाचायचा असतो, हा अपवाद नेमका पहिल्याच ओळीत येऊन बसलाय, तर तो तसाच लक्षात ठेवायला सांगायचा आणि पुढे जायचं.

उच्चारांतही मराठीची मदत आहे. त्सादी म्हणजे 'चाक' आणि 'चमचा'मधला च, 'चहा'मधला नाही. झायिनसाठी 'माझा'मधला झ जवळ जातो. इंग्लिश मीडियमच्या पोराला लिहून दाखवण्यापेक्षा 'चाक' म्हणून दाखवा, तोंड आपोआप बरोबर जागी जातं. हेत मात्र जरा भांडणाचा विषय आहे, आपली जुनी माणसं 'हामेत्स' (पेसाहला न चालणारं आंबलेलं धान्य) म्हणतात, इस्राएलहून सुट्टीला आलेला चुलत भाऊ घसा खरवडून 'खामेत्स' म्हणतो, आणि पोर विचारतं कुणाचं बरोबर. दोन्ही चालतं म्हणून सांगा, पण क्लासमध्ये एकच उच्चार धरा, तुमच्या मशिदीत हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, जो म्हणतात तो.

दिसायला सारखी अक्षरं

यावर वेळ घालवा, खरंच, नव्वद टक्के चुका इथेच होतात असं मला वाटतं. हे, हेत आणि ताव तिन्ही दाराच्या चौकटीसारखी. हेचा डावा पाय वरच्या आडव्या दांडीला टेकत नाही, फट असते. हेतचा टेकतो. तावचाही टेकतो पण त्याला खाली डावीकडे छोटंसं पाऊल असतं. पोराला फट बोटाने शोधायला लावा. बेतच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात शेपूट बाहेर येतं, काफ तिथे गोल असतो. दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. सामेख गोलमटोल, आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम चौकोनी. वाव सरळ काठी, झायिनचं डोकं दोन्ही बाजूंना बाहेर.

एक कार्डाचा खेळ चांगला चालतो, जोडीतली दोनच अक्षरं असलेली कार्डं टेबलावर उलटी टाकायची, जो ओळखेल त्याने ठेवायचं. मोठा आणि छोटा अशी जोडी लावा, मोठ्याला छोट्याचा टीचर करा. बारा वर्षांचं पोर स्वतः शिकायला आळस करतं पण शिकवायला सांगितलं की घरून तयारी करून येतं.

मग बाकीचे प्रश्न

दुसऱ्या टप्प्यात एकेक प्रश्न घ्या. आपल्याकडे भाजी बुडवून खाण्याचा प्रश्न पहिला येतो, 'एन आनू मेताब्लीन'वाला, त्यात आलेफ, बेत, तेत, पे, आयिन आणि हेत नवीन मिळतात, शिवाय शेवटचा नून आणि शेवटचा मेम. आलेफ आणि आयिनला स्वतःचा आवाज नाही, खालची खूण वाचायची, अ ची बाराखडी जशी. हामेत्स आणि मात्साच्या (न आंबवलेल्या भाकरीच्या) प्रश्नात त्सादी येतो, भाज्यांच्या प्रश्नात रेश आणि कोफ, रेलून बसण्याच्या प्रश्नात सामेख. इथेच पोटातल्या टिंबाची गोष्ट सांगा : बेत, काफ आणि पे या तिघांत टिंब असेल तर ब, क, प आणि नसेल तर व, घशातला ख आणि फ. बाकी अक्षरांतल्या टिंबाकडे सध्या दुर्लक्ष. शीनचं टिंब उजवीकडे तर श, डावीकडे तर स.

चारही प्रश्न वाचून झाले की २२ पैकी २० अक्षरं झाली. राहिली गिमेल आणि दालेत, आणि ती दोन्ही सेदेरच्या शेवटी गातात त्या हद गद्यात पहिल्याच दोन शब्दांत आहेत. शेवटचा काफ 'बारूख'मध्ये मिळतो, शेवटचा पे क्लासमध्ये कुणी योसेफ असेल तर त्याच्या नावात. बहुतेक क्लासमध्ये असतोच.

वाचून घ्यायची पद्धत

रोज घरी पाच मिनिटं, रविवारी दीड तास यापेक्षा जास्त कामाची, आणि हे आईबाबांना पटवणं हे तुमचं खरं काम आहे, पोरांचं नाही. वही उलट्या बाजूने उघडायची, बोट उजवीकडून डावीकडे. बोट अक्षरावर, मग खाली खुणेवर, मग पुढच्या अक्षरावर. ओळ येते असं वाटलं की शब्द कापून, पिशवीत घालून, एकेक काढून वाचायला लावा. तेच शब्द उलट्या क्रमाने, शेवटून पहिल्याकडे. पाठांतर इथे लगेच उघडं पडतं आणि पोरांना ते चालूही शकतं, त्यांना तो खेळ वाटतो. चुकलं तर शब्द तुम्ही म्हणून दाखवू नका, नुसतं अक्षरावर बोट ठेवा आणि थांबा. थांबणं सगळ्यात अवघड, मोठ्या माणसांना शांतता सहनच होत नाही.

स्पीडच्या मागे लागू नका. मशिदीत मोठे लोक ज्या वेगाने वाचतात तो ऐकून पोरं घाबरतात किंवा पुटपुटायला शिकतात.

अजून एक, देवाचं नाव. बेराखात चार अक्षरांचं नाव आलं की जसं लिहिलंय तसं वाचत नाहीत, 'अदोनाय' म्हणतात, आणि नुसता सराव करताना 'हाशेम'. हे पहिल्याच बेराखाच्या वेळी सांगा. आणि ते नाव छापलेले कागद कचऱ्यात जात नाहीत, ते वेगळे जमा करून मशिदीत गेनीझासाठी, म्हणजे असे पवित्र कागद जपून ठेवतात तिथे, द्यायचे, तर क्लासमध्ये एक खोका ठेवा. सरावाच्या कागदावर नाव न छापणं हा सोपा उपाय आहे.

हामेत्स स्वयंपाकघरातच शिकवा

हामेत्स म्हणजे गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांतलं आंबलेलं, फुगलेलं काहीही, ही व्याख्या फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात काही जात नाही. त्यांना घरच्या डब्यांची लिस्ट करून आणायला सांगा. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया हे सगळ्यांना सुचतं. मग तुम्ही विचारा, दुधात घालायची माल्टची पावडर? ती जवाची किंवा गव्हाची. सोया सॉस? त्यात गहू असतो. आणि हिंग! आपल्याकडच्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, पाकिटावरची बारीक अक्षरं पोरांनाच वाचायला लावा, हिंगात गहू सापडला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तांदळाबद्दल स्पष्ट सांगा. आपल्याकडे पेसाहला भात आणि तांदळाची भाकरी चालते, तांदूळ आधी नीट निवडून घेतात, तीनदा निवडायची रीत आहे, चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू लोकांत तांदूळ खात नाहीत, त्यामुळे बाहेरून आलेला एखादा पाहुणा टीचर पोरांना भात बंद सांगून जातो आणि घरी आजीशी वाद होतो. दोन्ही रीती जुन्या आहेत, आपली आपण पाळायची. 'इडली चालते का' हा प्रश्न येणारच, तांदूळ त्या पाच धान्यांत नाही, पण घरात करायची की नाही ते घरच्या मोठ्यांना विचार म्हणून सांगा.

घरातली रंगसफेदी, भांड्यांना कल्हई, ही पेसाहच्या आधीची आपली जुनी गडबड. आजी-पणजीच्या तोंडी सणाचं नावच अनाशी ढाकाचा सण होतं, आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा सण. पोरांना एक काम द्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं की कोकणातल्या घरी पेसाहला काय काय करायचे. काही घरांत बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवून तो दारावर लावत असत, मिसरमधल्या त्या रात्रीची आठवण म्हणून. क्लासमध्ये लाल पोस्टर कलरने करा, आणि त्याच पंजाखाली पोराने स्वतःच्या हाताने 'पेसाह' हिब्रूत लिहायचं, पे, सामेख, हेत, तीनच अक्षरं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हगादातली चित्रं मिळाली तर जरूर दाखवा, साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करतायत.

सणाच्या आदल्या रात्री हामेत्स शोधायचा असतो, मेणबत्ती आणि पीस घेऊन. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून आधी लपवून ठेवायची पद्धत आहे, कुठे लपवले ते मोठ्यांनी लिहून ठेवावं, नाहीतर अकरा वाजेपर्यंत सगळं घर सोफ्याखाली.

शरबत, शिरा आणि ताट

क्लासमध्ये हाताने करायची एकच गोष्ट निवडायची असेल तर मनुकांचं शरबत निवडा. वाईनच्या जागी आपल्याकडे हेच वापरतात, किद्दूशलाही आणि सेदेरच्या चार पेल्यांनाही. काळ्या मनुका धुऊन शनिवारी रात्री शाब्बाथ संपल्यावर पाण्यात भिजत घाला, सकाळपर्यंत टपोऱ्या फुगतात आणि पाणी तांबूस होतं. त्याच पाण्यात उकळी आणायची, गार झालं की पोरांना हाताने कुस्करू द्या, मग पातळ फडक्यातून पिळून गाळायचं. हात चिकट होतात, टेबलक्लॉथला डाग पडतात, आणि चव बघता बघता अर्धं संपतं, म्हणून जास्त भिजवा. फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांच्या पुढे खात्री नाही.

खजुराचा शिरा, म्हणजे हारोसेत, हा गॅसवर बराच वेळ आटवायचा असल्याने घरी आईसोबत. बिया काढलेला खजूर पाण्यात मऊ शिजवून, गाळून, तो रस घट्ट होईपर्यंत आटवायचा, वर अक्रोड किंवा बदाम. विटांच्या चिखलाची आठवण म्हणून हे ताटात असतं, आणि चिखल इतका गोड का असा प्रश्न पोरं विचारतात, उत्तर त्यांनाच शोधू द्या. बाकी ताट : भाजलेली मटणाची नळी, उकडलेलं अंडं, मारोरसाठी (कडू भाजी) लेट्यूसची पानं, कर्पाससाठी (बुडवायची भाजी) सेलरी नाहीतर कोथिंबीर, आणि बाजूला मिठाचं पाणी. प्रत्येक वस्तूखाली हिब्रू नावाची चिठ्ठी ठेवा आणि चिठ्ठ्या मुद्दाम अदलाबदल करा. जो वाचू शकतो त्यालाच कळेल.

मात्सा दाखवताना एक गोष्ट जरूर करा, घड्याळ लावा. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झालं पाहिजे हा नियम आहे. पोरांना पीठ देऊन १८ मिनिटांत मळणं, लाटणं, टोचे मारणं जमतं का बघा. खऱ्या सेदेरसाठीची मात्सा ही नव्हे, ती बाहेरून येते तीच, हे आईबाबांना आधी सांगून ठेवा.

रंगीत तालीम

सणाच्या आधीच्या एखाद्या रविवारी छोटा सेदेर करा, तासाभरात संपणारा. कादेश, उरहात्स, कर्पास, याहात्स अशी पायऱ्यांची नावं भिंतीवर उजवीकडून डावीकडे लावा आणि एका पोराला सरकता बाण द्या. मात्साचा मोडलेला अर्धा तुकडा म्हणजे आफिकोमान लपवा. दहा पीडांच्या वेळी प्रत्येक पीडेचं नाव एकेका पोराने हिब्रूत वाचायचं, दाम, त्सेफारदेआ, किनीम, आणि पेल्यातून एक थेंब काढायचा. थेंब का काढतो ते नक्की सांगा : मिसरचे लोकही मेले, म्हणून आपला पेला पूर्ण भरलेला नको. छोट्यांना बेडूक व्हायचं असतं, होऊ द्या, पण आधी शब्द वाचायचा, मग उड्या.

खरी रात्र

इस्राएलबाहेर सेदेर दोन रात्री असतो आणि याचा फायदा घ्या, पहिल्या रात्री छोट्याने पहिली ओळ आणि एक प्रश्न वाचावा, बाकीचं मोठ्या भावंडाने, दुसऱ्या रात्री अजून एक. दुपारी झोपवा, नाहीतर जेवण येईपर्यंत पोर खुर्चीतच कलंडतं. आणि पाहुण्यांना आधी बजावून ठेवा की वाचताना अडखळलं तर कुणी पटकन पुढचा शब्द सांगायचा नाही. काकांना हे दोनदा सांगावं लागतं.

दुसऱ्या रात्रीपासून ओमेर, म्हणजे पुढच्या शावुओत सणापर्यंतचे दिवस, मोजायला सुरुवात होते, ४९ रात्री, रोज एकच छोटं वाक्य आणि त्यात फक्त आकडा बदलतो. वाचनाच्या सरावासाठी यापेक्षा चांगलं काही नाही आणि नेमका तेव्हाच क्लासला उन्हाळी सुट्टी लागते. तर त्या दिवसाच्या ओळीचा फोटो रोज संध्याकाळी व्हॉट्सअप ग्रुपवर टाका, पोराने वाचून व्हॉइस मेसेज पाठवायचा. शुक्रवारी रात्रीची ओळ दुपारीच छापून हातात असू द्या, ती फोनशिवाय वाचायची, आणि शनिवारी शाब्बाथ संपल्यावर नवीन ओळीचा मेसेज.